शिप्रादीच्या वह्या

शिप्रादी मला आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाचा गैरसमज नको.

इथं कोलकात्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लक्षात राहिलेल्या माणसांवर लेख छापायचेत, म्हणून सेक्रेटरी घरी आले होते. त्यांना वाटलं मी बायकोवर लिहीन. शालनला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्यावर लिहायला बसलो तर चार ओळींपुढं हात जात नाही. शिप्रादीवर जाईल, कारण तिच्यावर माझा राग होता. राग तरी कसला, जळायचो मी तिच्यावर. अकरा वर्षं जळलो. शिक्षण माझं चौथीपर्यंत, तेव्हा चुका तुमच्या तुम्ही सुधारून घ्या.

मी विट्याकडचा. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामाला, आम्ही त्याला गलाई म्हणतो, सोळाव्या वर्षी कोलकात्याला आलो. बडाबाजारच्या गल्लीत खाली भट्टीचं दुकान आणि वर दोन खोल्या, एवढाच आमचा संसार. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर राणी झाली. डोळे बारीक, मान आखूड, जीभ जरा बाहेर. डॉक्टर म्हणाले, ही शिकेल पण उशिरानं शिकेल, काही गोष्टी शिकणारही नाही. मी म्हटलं, नाही शिकली तर नाही शिकली. मी आहे की.

आणि मी होतोच. तिनं बोट दाखवायचा अवकाश, वस्तू हातात. बूट मी घालायचो, घास मी भरवायचो. अकरा वर्षांची झाली तोवर अशी गत झाली की मनासारखं झालं नाही की ही भर रस्त्यात आडवी पडायची. उचलायला दोन माणसं लागायची. ओळखीचा-अनोळखी न बघता कुणाच्याही पानातलं उचलायची. शालननं लग्नाकार्याला जाणं सोडलं. मग कुणीतरी सियालदाजवळच्या शाळेचं नाव सांगितलं. अशाच मुलांची शाळा, जुन्या दुमजली घरात. तिथं ही बाई होती, शिप्रादी. 'दी' म्हणजे ताई.

बाई म्हणजे एवढीशी. सुती साडी, पायात चपट्या चपला, खांद्याला झोळी. उन्हाळा असो, थंडी असो, काखेत छत्री. बराकपूरहून रोज लोकलनं यायची. लग्न केलेलं नव्हतं. झोळीत कात्री, डिंक, रंगीत खडू आणि एका डब्यात मुरी, म्हणजे आपले चुरमुरे. बोलणं इतकं हळू की पहिल्या दिवशी मला वाटलं हिचा घसा बसलाय.

पहिल्याच दिवशी राणीनं शाळेच्या दारात अंग टाकलं. मी सवयीनं खिशातून जिलबीचा पुडा काढला. बाईनं माझा हात धरला नाही, काही नाही. नुसतं म्हणाली, "दादा, ती उठली की द्या." आणि स्वतः राणीपासून दोन हातांवर फरशीवर बसली आणि वाटाणे सोलायला लागली. राणीकडं बघितलंसुद्धा नाही. राणी ओरडतेय, बाई सोलतेय. मी आत जायला निघालो तर शालननं माझा सदरा मागून धरून ठेवला. किती वेळ गेला देव जाणे. राणीचा आवाज उतरत उतरत गेला. मग ती उठून बसली आणि वाटाण्याच्या टोपलीत हात घातला. तेव्हा कुठं बाईनं मान वळवली. "राणी, तू उठून बसलीस." एवढंच. शाब्बास नाही, वाहवा नाही.

मी घरी येऊन म्हटलं, "ही कसली मास्तरीण. पोरगी उठून बसली हे पोरीलाच सांगते. आंधळी आहे का पोरगी?"

शालन म्हणाली, "अहो, पण उठली ना? तुमच्या जिलब्या खाऊन कधी उठली होती का?"

तिथून ते सुरू झालं. उठता-बसता शिप्रादी. शिप्रादी म्हणतात 'नको' सांगायचं नाही, काय करायचं ते सांगायचं. म्हणजे 'खुर्चीवर पाय नको' म्हणायचं नाही, 'पाय खाली' म्हणायचं. शिप्रादी म्हणतात एकदा सांगितलं की मनात दहा मोजायचे, मगच दुसऱ्यांदा सांगायचं. बाई स्वतः मोजायची तेव्हा तिचे ओठ हलायचे. पाच वर्षं मला वाटत होतं की ही जप करते.

शालननं ते सगळं माझ्यावरही चालवलं. एकदा भट्टीवरच्या माणसावर ओरडत होतो, दमलो आणि थांबलो. वरून आवाज आला, "अहो, तुम्ही आवाज खाली आणलात." खालची माणसं तोंड फिरवून हसली. असली थट्टा शालन आधी करत नव्हती. बाईनं तिला बंगाली शिकवली, एकटीनं बसनं जायला शिकवलं, हसायलाही शिकवलं. दर गुरुवारी दोघी शाळेच्या व्हरांड्यात मुरी खात बसायच्या. काय बोलायच्या ते मला कळायचं नाही. मी विचारलं की, "काही नाही, राणीचंच." माझ्याशी एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

फुचक्याचं सांगतो. फुचका म्हणजे आपली पाणीपुरी. राणीला तिचं वेड, पण गाडीवर गेली की दुसऱ्याच्या द्रोणात हात. लोक ओरडायचे, एकदा तर एका बाईनं तिला ढकललं. शिप्रादी म्हणाली, हिला रांगेत थांबायला शिकवायचं. मग दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती राणीला घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायची. फुचकावाल्यालासुद्धा तिनं शिकवून ठेवलं होतं. राणी पुढं घुसली तर त्यानं थांबायचं, रागवायचं नाही. राणी मागं उभी राहिली तर तिचा नंबर आल्यावर पहिला फुचका मोठा द्यायचा. तो बिहारी गडी मिशीतल्या मिशीत हसायचा, पण करायचा बरोबर. मी दुकानाच्या पायरीवरून बघत असायचो. माझी पोरगी, माझी गल्ली, आणि तिच्या हाताला धरून ही परकी बाई.

सात-आठ शनिवार झाले तरी राणी दोन माणसांच्या मागंसुद्धा थांबेना. बाई वहीत काहीतरी टिपायची आणि कपाळाला आठ्या घालायची. कारण मला ठाऊक होतं. मधल्या दिवसांत संध्याकाळी मीच राणीला गाडीवर न्यायचो आणि सगळ्यांच्या आधी द्रोण तिच्या हातात द्यायचो. मला बघायचं होतं, पोरगी कुणाची आहे ते.

शेवटी फुचकावाल्यानंच चुगली केली. बाई माझ्याकडं आली. मला वाटलं आता भांडेल. मी तयारीत होतो. म्हटलं, "माझी मुलगी आहे, मी खायला घालीन नाहीतर काही करीन." तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "दादा, तुमच्याकडून घ्यायला तिला आवडतं. मग पुढच्या शनिवारपासून तुम्हीच उभे राहा तिच्याबरोबर. मी पायरीवर बसते."

मी गेलो नाही. मला कळलं ती काय करतेय ते, आणि कळलं म्हणूनच गेलो नाही. मधल्या दिवसांचं नेणं मात्र सोडलं. तिनं पुन्हा पहिल्या शनिवारपासून सुरुवात केली. सहा महिन्यांनी राणी चार माणसांमागं उभी राहिली, द्रोण घेतला, आणि घास तोंडात कोंबायच्या आधी मागं वळून बाईकडं बघितलं. पायरीवर मी होतो. माझ्याकडं नाही बघितलं.

आता वह्यांचं. काही नवं व्हायचं असलं की बाई राणीसाठी एक वही करायची. दात काढायचाय, तर वही. गावाला लग्नाला जायचंय, तर वही. पानापानावर फोटो चिकटवायचे आणि खाली एक-एक ओळ. 'ही गाडी. गाडीत गर्दी असते. राणी खिडकीशी बसते. खूप आवाज झाला तर राणी कानावर हात ठेवते.' आठ-दहा दिवस रोज ती वही वाचायची. मग खरी गोष्ट आली की राणीला ती ओळखीची वाटायची. दाताच्या डॉक्टरकडं माझी पोरगी स्वतःहून तोंड उघडून बसली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. वह्या सगळ्या बंगालीत. मी इथं पन्नासेक वर्षं काढली, बंगाली बोलतो, पण वाचता येत नाही. म्हणजे माझ्याच घरात माझ्याच मुलीच्या वह्या मला परक्या.

दोन-अडीच वर्षांपूर्वी, दुर्गापूजेच्या आधीचे दिवस. गादीखाली मला एक नवी वही सापडली. पानं उलटली. राणी गॅस पेटवतेय. राणी स्वतःची वेणी घालतेय. राणी भात वाढतेय. एका पानावर राणी कपड्यांची घडी करून बॅगेत ठेवतेय. एका पानावर मी, खुर्चीत झोपलेलो, माझ्या नकळत काढलेला फोटो. एका पानावर शाळेचं दार आणि दारात शिप्रादी. सगळ्या वहीत शालन कुठं नाही.

त्या दिवसांत शाळेतल्या एका मुलाला त्याच्या आईनं गावाबाहेरच्या वसतिगृहात ठेवलं होतं. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला असं मला वाटलं. या दोघी माझ्या पोरीला कुठंतरी ठेवायला निघाल्यात, आणि फोटो काढणारी शालन आहे, म्हणून ती फोटोत नाही.

मी खाली गेलो. भट्टी चालू होती. वही आत टाकली.

वर येऊन शालनला सांगितलं, "तुमची वही जाळली. उद्यापासून शाळा बंद."

ती भाजी निवडत होती. हात थांबला. माझ्याकडं बघत राहिली. तिनं भांडायला हवं होतं. ती म्हणाली, "बरं." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

पूजेनंतर तिच्या पोटातल्या गाठीचं मला कळलं, तेही डॉक्टरांकडून. आणि हेही कळलं की शिप्रादीला ते चार महिने आधीपासून माहीत होतं. मी शालनला हॉस्पिटलात विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही ओरडला असता." मी म्हटलं, "तुझ्यावर कशाला ओरडलो असतो?" ती म्हणाली, "माझ्यावर नाही हो. पण ओरडला असता." त्या वेळीही, इतकी ती आजारी, आणि मला आधी काय वाटलं? की त्या बाईला आधी सांगितलं. असा मी माणूस.

शालन थंडी संपता संपता गेली.

राणीला घाटावर नेलं नाही. नातेवाईक म्हणाले, तिला काय समजणार, सांगा की आई गावाला गेली. मी तसंच सांगितलं. राणी म्हणाली, "आई गाव?" मी म्हटलं, "हो, गाव." ती शांत राहिली. मला वाटलं, बघा, किती सोपं होतं. त्याला वही कशाला लागते?

पंधरा दिवस ती दाराशी बसून राहिली. सोळाव्या दिवशी मी खाली गिऱ्हाइकाशी बोलत होतो, वर आलो तर राणी नाही. तिची बॅग नाही. गल्ली पालथी घातली. फुचकावाला गाडी सोडून माझ्याबरोबर धावला. परत गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा फोन वाजला. शिप्रादी.

"दादा, राणी हावड्याला आहे. स्टेशनात, मोठ्या घड्याळाखाली. पोलीस ताई आहे तिच्याजवळ. तुम्ही जा, मी निघाले."

शाळा बंद झाली तरी राणीच्या गळ्यात शाळेचं कार्ड असायचं. हरवलं तर खाकी कपड्यातलं माणूस शोधायचं आणि कार्ड दाखवायचं, हे बाईनं तिच्याकडून शंभर वेळा घोटून घेतलं होतं. कार्डावर दोन नंबर होते, एक शिप्रादीचा आणि एक शालनचा. माझा नव्हता. कार्ड बनवताना विचारलं होतं मला. मीच म्हटलं होतं, भट्टीवर मला फोन घेता येत नाही.

हावड्याचा पूल चालत ओलांडला. राणी घड्याळाखाली बॅगेवर बसली होती, हातात बिस्किट. मला बघून म्हणाली, "गाडी. आई." गावाची गाडी हावड्याहून सुटते हे तिला वहीतून पाठ होतं. मी हाताला धरून ओढलं. ओरडलो. ती आडवी पडली. बावीस वर्षांची बाई, हावडा स्टेशनच्या फरशीवर. माणसं गोळा झाली. कुणी मोबाइल काढला.

शिप्रादी आली. गर्दीतून वाट काढत आली, छत्री बाजूला ठेवली आणि दोन हातांवर फरशीवर बसली. पोलीस ताईला सांगून माणसं हटवली. मी भिंतीला टेकून उभा. मला तेव्हा फक्त वाटत होतं की राणी उठू दे, आणि त्याच वेळी वाटत होतं की या बाईसाठी नको उठू दे.

राणी उठली. तिच्यासाठीच उठली.

बाकावर राणीला मध्ये बसवून आम्ही बसलो. मी म्हटलं, "बाई, सगळ्याच्या वह्या केल्यात तुम्ही. हिच्या आईची एक करा."

"केली होती, दादा. शालनदीनं स्वतः केली होती. आपण नसल्यावर घर कसं चालेल, ते पान पान. तुमचा झोपलेला फोटो होता ना, त्याच्याखाली तिनं लिहून घेतलं होतं, 'बाबा घरी आहेत.'"

स्टेशनात गाड्यांची घोषणा चालली होती. ती संपू दिली. मग म्हटलं, "मग पुन्हा का नाही केली?"

"मी म्हटलं होतं. ती म्हणाली, दुसऱ्यांदा बळ नाही."

तिनं एकदाही विचारलं नाही की का जाळलीत. विचारलं असतं तर मी भांडून मोकळा झालो असतो. तेवढंही तिनं मला दिलं नाही.

पुढच्या सोमवारपासून मी राणीबरोबर शाळेत जायला लागलो. मला वाटलं बाई वही करील आणि मी घेऊन येईन. तिनं कोरी वही आणि डिंक माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "मराठीत लिहा, दादा."

"राणीला बंगाली अक्षरं येतात. मराठी नाही येत."

"मलाही नाही येत," ती म्हणाली. "म्हणजे रोज तुम्हालाच वाचून दाखवावी लागेल."

सत्तरीच्या माणसाला लहान खुर्चीवर बसवून तिनं फोटो कापायला लावले. मी कूकर लावताना, मी राणीच्या वेणीला रिबन बांधताना, फोटो तिनंच घरी येऊन काढले. रिबन सुटली तर म्हणाली, "पुन्हा." एका पानाशी मात्र मी अडलो. शालनचा फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं, 'आई देवाघरी गेली.'

बाईनं विचारलं, "काय लिहिलंत?" सांगितलं. म्हणाली, "देवाचं घर कुठं आहे ते ती विचारील. मग तिथली गाडी शोधायला जाईल."

मी खोडलं. 'आई झोपली' लिहिलं. "मग राणी झोपायला घाबरेल." तेही खोडलं. मी ओरडलो, "मग काय लिहू? तुम्ही लिहा की, तुम्हाला सगळं येतं." वर्गातली पोरं बघायला लागली. बाईचे ओठ हलले. दहा झाले, बहुतेक वीस झाले. शेवटी मीच तो शब्द लिहिला, जो राणी गल्लीतल्या कबुतराला म्हणते, बाजारातल्या माशाला म्हणते.

'आई मेली. आई परत येणार नाही. राणीला रडू येतं. बाबांनाही रडू येतं. बाबा घरी आहेत.'

"दादा," बाई म्हणाली, "तुम्ही लिहिलंत."

पहिल्यांदा वही राणीला वाचून दाखवायची होती, तेव्हा बाई खोलीत थांबली नाही. व्हरांड्यात गेली आणि दार ओढून घेतलं. त्या पानाशी आलो तेव्हा राणी दाराकडं बघायला लागली, बाई कुठं आहे म्हणून. दार बंद. मग तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्याला बोट लावून बघितलं ओलं आहे का, आणि म्हणाली, "बाबा, पुन्हा." मी पुन्हा वाचलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी सहाला राणी वही घेऊन माझ्यापुढं बसते. पुढची पान-दोन पानं मीच वाढवली. कुणाला विचारलं नाही.

गेल्या वर्षी शिप्रादी निवृत्त झाली. बहिणीकडं सिलिगुडीला राहायला जाणार होती. शेवटच्या दिवशी शाळेत हारतुरे झाले आणि आम्ही दोघं तिला सियालदाला पोचवायला गेलो. तिची नेहमीची बराकपूरची लोकल लागली होती. बाई खिडकीशी बसली. झोळी मांडीवर, छत्री काखेत. मी काही बोलावं म्हणून आलो होतो. अकरा वर्षांचं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "पोचलात की फोन करा." ती म्हणाली, "करीन."

तिनं राणीला विचारलं, "राणी, शिप्रादी उद्या येणार का?"

"नाही," राणी म्हणाली. तिला ते सांगून झालेलं होतं. मग तिनं स्टेशनच्या घड्याळाकडं बघितलं आणि माझा हात ओढला. "बाबा. घर. सहा."

गाडी अजून सुटली नव्हती. राणी मला ओढत फलाटावरून चालायला लागली, मागं न बघता. मी बघितलं. शिप्रादीनं गजाला धरलं होतं आणि ती आमच्याकडं बघत होती, राणीच्या तोंडाकडं नाही, आमच्या हातांकडं. हसत होती. पण तो चेहरा मला ओळखू आला. दुकानाच्या पायरीवर बसून शनिवारचे शनिवार मी तोच चेहरा करून बघत होतो.

मी राणीचा हात सोडला असता तर ती परत खिडकीशी गेली असती, निदान एकदा गेली असती. मला ते कळत होतं.

मी सोडला नाही.